लेखकाचे मौन आणि नटाचा चेहरा

एखाद्या साहित्यकृतीवरून चित्रपट किंवा दूरचित्रवाणी-मालिका निघाली की साहित्यिकांच्या वर्तुळात एक तक्रार हटकून ऐकू येते. मूळ कथेतील अमुक प्रसंग गाळला, तमुक पात्र वाढवले, शेवट तर पार बदलून टाकला, असे तिचे स्वरूप असते. या तक्रारीचा सारा रोख कथानकावर असतो. त्या कृतीतील माणूस पडद्यावर पोहोचला की नाही, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. वास्तविक नाट्यप्रधान चित्रपटाचे यश वा अपयश ठरते ते याच प्रश्नाच्या उत्तरावर. प्रसंग बदलूनही माणूस टिकला, तर कृती टिकते. सर्व प्रसंग जसेच्या तसे ठेवूनही माणूस हरवला, तर हाती केवळ कथासार उरते.

कादंबरीतील किंवा कथेतील पात्र हे भाषेचे अपत्य होय. त्याच्या मनात काय चालले आहे हे निवेदक सांगतो, त्याच्या वागण्याचा अर्थ लावतो, प्रसंगी त्याची बाजूही घेतो. चित्रपटात हा निवेदक बहुधा नाहीसा होतो. उरतात ती पात्राची कृती, त्याचे बोलणे आणि त्याचा चेहरा. म्हणजे निवेदकाने जे सांगितले असते, त्याची जागा रिकामी पडते. ही रिकामी जागा कोणी व कशाने भरावयाची, हाच पडद्यावरील व्यक्तिरेखनाचा कळीचा प्रश्न आहे. सामान्य पटकथाकार ती संवादांनी भरतो. मग पात्रे एकमेकांना आपापले मन समजावून सांगू लागतात. जाणता पटकथाकार ती जागा मोकळी ठेवतो, परंतु पात्राची परिस्थिती, त्याचा हेतू आणि त्याच्या स्वभावातील विसंगती इतकी नेमकी आखतो की नटाला त्या मोकळ्या जागेत भलतीकडे जाताच येऊ नये. व्यक्तिरेखेची बळकटी ती हीच. पात्राविषयी पुष्कळ माहिती पुरविली म्हणून ते बळकट होत नसते.

आपल्याकडील नाट्यविचाराला ही दृष्टी अपरिचित नाही. भरताने अभिनयाचे आंगिक, वाचिक, आहार्य आणि सात्त्विक असे चार प्रकार सांगितले. त्यांपैकी सात्त्विक अभिनय म्हणजे स्तंभ, स्वेद, कंप, वैवर्ण्य, अश्रू इत्यादी अंतःस्थितीतून उमटणाऱ्या विकारांचा अभिनय. तोच भरत प्रेक्षागृहाच्या आकाराची चर्चा करताना मध्यम आकाराचे गृह इष्ट मानतो. कारण गृह अवास्तव मोठे झाले तर नटाच्या मुखावरील भाव प्रेक्षकाला स्पष्ट दिसत नाहीत. चित्रपटाच्या कॅमेऱ्याने हे अंतरच मिटवून टाकले. रंगभूमीवर शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचण्याकरिता नटाला जो विस्तार करावा लागे, तो पडद्यावर दोष ठरू लागला. आणि पापणीची हालचाल किंवा बोलण्यापूर्वी अडलेला श्वास हा अभिनयाचा मुख्य भाग बनला. पडद्याने सात्त्विक अभिनयाला असे अग्रस्थान दिले असे म्हटल्यास वावगे होणार नाही.

येथे एक आक्षेप संभवतो. रशियन दिग्दर्शक कुलेशॉव्ह याचा एक प्रयोग चित्रपटविषयक लेखनात वारंवार सांगितला जातो. नटाच्या एकाच निर्विकार चेहऱ्यामागोमाग त्याने कधी सूपाचा वाडगा, कधी शवपेटी अशी निरनिराळी दृश्ये जोडली, आणि प्रेक्षकांना त्याच चेहऱ्यावर कधी भूक तर कधी शोक दिसला. यावरून असे अनुमान निघते की, पडद्यावरील भाव हा संकलनाचा खेळ असून नट केवळ निमित्तमात्र आहे. अनुमान आकर्षक असले तरी ते अपुरे आहे. त्या प्रयोगातील चेहऱ्याला भाव चिकटविता आला, कारण तो कोणाचाच चेहरा नव्हता. त्याला भूतकाळ नव्हता, स्वभाव नव्हता. दोन तास एकाच व्यक्तीची सोबत केलेल्या प्रेक्षकापुढे ही युक्ती चालत नाही. संकलन एका क्षणाचा अर्थ घडवू शकेल. एका माणसाचे सातत्य घडविणे त्याच्या आवाक्याबाहेरचे आहे. ते काम व्यक्तिरेखा आणि नट यांनी मिळूनच करावे लागते.

प्रभात फिल्म कंपनीचा ‘संत तुकाराम’ (१९३६) याचा दाखला या संदर्भात आजही उद्बोधक आहे. विष्णुपंत दामले व शेख फत्तेलाल यांनी दिग्दर्शित केलेला हा चित्रपट १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात वाखाणला गेला, तो काही त्यातील चमत्कारदृश्यांमुळे नव्हे. संताची व्यक्तिरेखा ही नाटककाराच्या दृष्टीने अवघडच. संताला द्वंद्व उरलेले नसते, आणि द्वंद्वावाचून नाट्य नाही. शिवराम वाशीकरांच्या लेखनाने ही अडचण तुकारामांना बदलून सोडविली नाही. ती त्यांच्या पत्नीला, जिजाईला, पूर्ण माणूस करून सोडविली. विष्णुपंत पागनीस हे रंगभूमीवर स्त्रीभूमिका करीत आलेले नट. त्यांचा तुकाराम जवळजवळ काहीच करीत नाही. तो ज्या सुरात बोलतो त्याच सुरात गाऊ लागतो, इतके त्याचे गाणे त्याच्या बोलण्यात मिसळलेले आहे. याच्यासमोर गौरीची जिजाई उभी राहते. तिला पोरांना काय खाऊ घालावे याची विवंचना आहे. तिचा नवऱ्यावर राग आहे आणि जीवही आहे. आजारी पोराला ओढीत, दुसऱ्या हातात पायताण घेऊन ती विठोबाला जाब विचारायला देवळात निघते, तेव्हा प्रेक्षक हसतो आणि तत्क्षणी गंभीरही होतो. कारण त्या संतापात अश्रद्धा नसून घरच्या माणसाशी भांडावे तशी सलगी आहे. चरित्रपरंपरेने कजाग ठरविलेल्या या बाईला गौरीच्या अभिनयाने न्याय मिळाला. आणखी विशेष असे की, तुकारामांच्या विरक्तीला वजन आले तेही तिच्यामुळेच. जे सोडून जावयाचे ते इतके जिवंत असल्यावाचून सोडण्याला अर्थ येत नाही. एका पात्राची उंची दुसऱ्या पात्रावरून मोजली जाते, हा व्यक्तिरेखनाचा धडा या चित्रपटाने फार लवकर घालून दिला.

निवेदकाने सांगितलेले नटाकडे कसे सोपविता येते, याचे उदाहरण सत्यजित राय यांच्या ‘चारुलता’ (१९६४) या चित्रपटात मिळते. रवींद्रनाथांच्या ‘नष्टनीड’ (१९०१) या दीर्घकथेवर तो आधारलेला आहे. मूळ कथेत निवेदक आरंभीच काहीशा उपरोधाने सांगून टाकतो की, वर्तमानपत्राच्या नादात भूपतीला आपली बालिका-पत्नी केव्हा तरुण झाली याचा पत्ताच लागला नाही. हे वाक्य पडद्यावर कसे आणावयाचे? राय यांनी ते वाक्यच काढून टाकले आणि त्या जागी काही मिनिटांचे, जवळजवळ शब्दरहित असे दृश्य योजिले. चारु रुमालावर अक्षर विणते, कपाटातून बंकिमचंद्रांचे पुस्तक काढते, गुणगुणते, नंतर छोटी दुर्बीण घेऊन एका खिडकीपासून दुसऱ्या खिडकीपर्यंत रस्त्यावरील माणसांचा माग काढीत फिरते. भूपती पुस्तकात डोके घालून तिच्या जवळून जातो. ती तेथे आहे याची त्याला दखलही नसते. तेव्हा ती तीच दुर्बीण त्याच्याकडे वळविते, त्याला दूर जाताना पाहते, आणि मग दुर्बीण खाली घेते.

या दृश्यात माधवी मुखर्जी यांनी दुःख कोठेही ‘दाखविलेले’ नाही. त्यांची चारु करमणूक करून घेत आहे. तिच्या हालचालीत खेळकरपणा आहे, कुतूहल आहे, चपळ बुद्धी आहे. म्हणूनच तिचे एकाकीपण अधिक बोचते. एखादी कमी जाणती नटी येथे उसासा टाकती आणि दृश्य तेथेच संपते. व्यक्तिरेखा बळकट होती म्हणून नटीला भाव लपविता आला. आणि नटीने तो लपविला म्हणून व्यक्तिरेखा खोल झाली. दोहोंचे नाते हे असे परस्परावलंबी आहे. कथेच्या शेवटी चारुच्या तोंडी येणारा एकच नकाराचा शब्द राय यांनी गाळला आणि त्या जागी एकमेकांकडे निघालेले, परंतु मध्येच गोठलेले दोन हात ठेवले. प्रसंग बदलला, हे खरे. चारु मात्र बदलली नाही.

दूरचित्रवाणीचे माध्यम काळाच्या दृष्टीने अधिक उदार आहे. भीष्म साहनी यांच्या, साहित्य अकादेमी पुरस्कार मिळालेल्या, ‘तमस’ या कादंबरीवरील गोविंद निहलानी यांची मालिका दूरदर्शनवरून १९८८ साली प्रक्षेपित झाली. ती जवळजवळ पाच तासांची आहे. कादंबरीची रचना समूहाची आहे. एका शहराचे आणि आसपासच्या खेड्यांचे फाळणीपूर्वीचे दंगे ती अनेक माणसांतून दाखविते. कातडी कमावणारा नत्थू हा तिच्या आरंभी येतो. एका वजनदार गृहस्थाच्या सांगण्यावरून तो पाच रुपयांकरिता डुक्कर मारतो, आणि दुसऱ्या दिवशी ते मशिदीच्या पायरीवर आढळते. मालिकेने नत्थू आणि त्याची बायको कर्मो यांचा धागा कादंबरीपेक्षा पुष्कळ लांबविला. येथेही कथानकनिष्ठ वाचकाला तक्रारीला जागा आहे. परंतु ओम पुरी यांचा नत्थू पाहिल्यावर या बदलाचे कारण उमगते. अंधाऱ्या खोपटात त्या जनावराशी रात्रभर झगडणारा हा माणूस आधी थकलेला आहे, नंतर घाबरलेला आहे, आणि पुढे तर अपराधी आहे. त्याने हेतुपुरस्सर काही केलेले नाही, तथापि त्याच्या हातून सर्व काही घडले आहे. ही जाणीव त्याला कोणाला सांगता येत नाही. ओम पुरी यांनी ती खांद्यांच्या ओझ्यातून आणि नजर चुकविण्यातून सांगितली. दंग्याचा इतिहास आकड्यांत सांगता येईल. त्याचा अपराध वाहण्याकरिता मात्र एक शरीर लागते.

याच मालिकेत स्वतः भीष्म साहनी यांनी हरनामसिंग या वृद्ध शीख दुकानदाराची भूमिका केली, आणि दीना पाठक त्यांच्या पत्नीच्या, बंतोच्या, भूमिकेत होत्या. आपणच लिहिलेल्या माणसाच्या देहात शिरण्याचा योग फार थोड्या लेखकांच्या वाट्याला येतो. तेथे लेखकालाही लेखणी बाहेर ठेवून यावे लागले. आश्रयाकरिता परक्या दारावर थाप मारणाऱ्या या वृद्धाला दार उघडणारी राजो सुरेखा सीकरी यांनी उभी केली. दया आणि घरच्या पुरुषांचे भय यांच्यामध्ये सापडलेली ही स्त्री कोठेही उदात्ततेचा आव आणीत नाही. तिचा कोरडेपणा हाच तिच्या माणुसकीचा पुरावा वाटतो. या मालिकेचे प्रक्षेपण थांबवावे अशी मागणी न्यायालयात गेली होती. १९८८ साली सर्वोच्च न्यायालयाने ती फेटाळताना अशा कृतीचा परिणाम समंजस व खंबीर मनाच्या माणसाच्या दृष्टीने मोजला पाहिजे असे मानले. साहित्याच्या अभ्यासकाने त्यात एवढीच भर घालावी की, प्रेक्षकाला समंजस राहण्यास साहाय्य करतात ती अशी माणसे. नत्थू, हरनामसिंग आणि राजो यांच्याकडे ‘त्यांच्यापैकी’ किंवा ‘आपल्यापैकी’ म्हणून पाहणे अशक्य होते. आणि प्रचार व नाट्य यांतील भेद नेमका येथे आहे.

काळाची उदारता मात्र दुधारी असते. वर्षानुवर्षे चालणाऱ्या दैनंदिन मालिकांत पात्राला शेवट नसतो, म्हणून त्याला परिणतीही नसते. आज उमगलेले सत्य उद्याच्या भागाकरिता विसरणे त्याला भाग पडते. मग नटाच्या वाट्याला प्रतिक्रिया तेवढ्या उरतात. धक्का बसलेला तोच चेहरा ढोलांच्या आवाजासह तीनतीनदा दाखविला जातो. तेथील नट कमी प्रतीचे असतात असे नव्हे. त्यांतील कित्येक रंगभूमीवर कसाला उतरलेले आहेत. परंतु ज्या माणसाला आतून काही लपवावयाचेच नाही, त्याच्या चेहऱ्यावर नटाने काय प्रकट करावे? व्यक्तिरेखा पोकळ असेल तर चांगला अभिनय त्या पोकळीचाच प्रतिध्वनी ठरतो. उलट, उत्तम लिहिलेली व्यक्तिरेखा भडक अभिनयाने सपाट झाल्याची उदाहरणेही थोडी नाहीत.

या सर्व विवेचनावरून नटाचे काम अनुवादकाच्या कामाशी किती जवळचे आहे, हे ध्यानात येईल. अनुवादक शब्दाला शब्द देऊ लागला की मूळ कृती मरते. त्याला वाक्यामागील मनुष्यस्वर ऐकावा लागतो आणि तो आपल्या भाषेत पुन्हा जन्मास घालावा लागतो. नटही लेखकाच्या वाक्यांपेक्षा त्याच्या मौनाचा अनुवाद करतो. म्हणून पडद्याकरिता लिहिणाऱ्याने, आणि आपली कृती पडद्याला देणाऱ्यानेही, आपण काय सांगितले याबरोबरच आपण काय न सांगता ठेविले आहे याचा हिशेब करावा. समीक्षकानेही मूळ कृती आणि चित्रपट यांची तुलना करताना प्रसंगांची टिपणे जुळवीत बसण्यापूर्वी एक साधा प्रश्न विचारावा: पुस्तक मिटल्यावर ज्या माणसाची आठवण उरली होती, तोच माणूस चित्रपटगृहातून बाहेर पडताना सोबत आला काय? चारु, जिजाई आणि नत्थू यांच्या बाबतीत या प्रश्नाचे उत्तर होकारार्थी आहे. ज्या चित्रपटाविषयी ते तसे देता येत नाही, त्याची कथानकनिष्ठा कितीही निर्दोष असली तरी तो चित्रपट मूळ लेखकाशी एकनिष्ठ राहिला असे म्हणता येणार नाही.