पदवी झाली, आता नर्सिंग करायचंय? आधी बारावीची मार्कशीट काढा

आर्वीत आणि आसपासच्या गावांत आपल्या बऱ्याच मुली आता पदवीपर्यंत शिकतात, ही अल्हम्दुलिल्लाह आनंदाची गोष्ट आहे. अडचण त्यानंतर सुरू होते. समजा, मुलगी नागपूर विद्यापीठाची बीए किंवा बीएस्सी झाली. वय बावीस-तेवीस. नोकरी नाही, बीएड करावं की नाही कळत नाही, घरात लग्नाचा विषय निघालेला. अशात कुणीतरी सांगतं, "नर्सिंग करू द्या, काम लगेच मिळतं." मग पुढचा प्रश्न येतो, "हिची पदवी झालीय, तर एका वर्षात होईल ना?"

या प्रश्नाचं सरळ उत्तर आम्ही आधीच देतो. नाही होणार. आपल्या देशात दुसऱ्या विषयाची पदवी दाखवून नर्सिंगची वर्षं कमी होत नाहीत. पण रस्ता बंद आहे, असं मात्र नाही. तो कुठून सुरू होतो, एवढं नीट समजून घ्यावं लागतं.

परदेशात होतं, मग इथं का नाही?

अमेरिकेत पदवीधरांसाठी नर्सिंगचा वेगवान अभ्यासक्रम आहे. साधारण ११ ते १८ महिन्यांत तो संपतो. नातेवाईक तिकडे असले की ही माहिती व्हॉट्सॲपवर फिरत आपल्यापर्यंत येते. पण तिथल्या चार वर्षांच्या पदवीत भाषा, इतिहास, समाजशास्त्र अशा सामान्य विषयांचा वाटा मोठा असतो. पदवीधराने ते आधीच केलेले असतात, म्हणून तेवढे वगळतात. शरीररचना, शरीरक्रिया, सूक्ष्मजीवशास्त्र हे विषय मात्र प्रवेशाआधी पूर्ण असावे लागतात आणि हॉस्पिटलमधल्या कामातून सूट मिळत नाही.

आपल्याकडची बीएस्सी नर्सिंग पहिल्या सत्रापासूनच नर्सिंगची असते. इंग्रजी, मानसशास्त्र आणि समाजशास्त्र पहिल्या सत्रात येतात, बाकी सगळं रुग्णाभोवती फिरतं. चार वर्षांची आठ सत्रं असतात आणि शेवटचं सत्र इंटर्नशिपचं, म्हणजे थेट वॉर्डातलं. बीएला समाजशास्त्र घेतलेल्या मुलीला तो पेपर सोपा जाईल, पण माफ होणार नाही.

तीन दरवाजे, आणि चावी बारावीची

नर्सिंगच्या प्रवेशात पदवीचे टक्के कुणी विचारत नाही. बारावी बघतात. म्हणून कपाटातली बारावीची मार्कशीट आधी काढा.

पहिला दरवाजा बीएस्सी नर्सिंगचा, चार वर्षांचा. बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी हवं. खुल्या प्रवर्गाला ४५ टक्के लागतात. महाराष्ट्रात यासाठी राज्य सीईटी सेलची प्रवेश परीक्षा आहे. पदवी आमच्या नागपूर विद्यापीठाची नाही, तर नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाची मिळते. अभिमत विद्यापीठं स्वतःची पदवी देतात.

दुसरा दरवाजा जीएनएमचा, तीन वर्षांचा डिप्लोमा. इथं कला आणि वाणिज्य शाखेच्या मुलींनाही जागा आहे. बारावी ४० टक्क्यांनी पास आणि इंग्रजी विषय असावा लागतो. बारावी आर्ट्स करून बीए झालेल्या मुलीसाठी खरा रस्ता हाच. मुलांनाही जीएनएम करता येतं. वॉर्डात त्यांना 'ब्रदर' म्हणतात.

तिसरा दरवाजा एएनएमचा, दोन वर्षांचा, फक्त मुलींसाठी. गावपातळीवरच्या उपकेंद्रात, लसीकरणात, बाळंतपणाच्या सेवेत दिसणाऱ्या सिस्टर या शिक्षणातून आलेल्या असतात. काम मानाचं आहे, पण वॉर्डातली स्टाफ नर्स व्हायचं तर जीएनएम किंवा बीएस्सीच लागते.

वयाची मर्यादाही लक्षात ठेवा. किमान १७ आणि कमाल ३५ वर्षं. म्हणजे चोविसाव्या वर्षी 'उशीर झाला' म्हणायचं कारण नाही.

कमी वर्षांचा खरा रस्ता

आपल्याकडे कमी वर्षांत नर्सिंगची पदवी मिळते ती एकाच मार्गाने. आधी जीएनएम, मग परिषदेत नोंदणी, आणि त्यानंतर दोन वर्षांची पोस्ट बेसिक बीएस्सी नर्सिंग. इथं सवलत आधीच्या नर्सिंगच्या शिक्षणाला मिळते, बीए-बीकॉमला नाही.

हिशेब मांडून बघू. मुलगी २२ व्या वर्षी पदवीधर झाली. बारावी सायन्स असेल तर २६ व्या वर्षी ती बीएस्सी नर्सिंग होईल. बारावी आर्ट्स असेल तर २५ व्या वर्षी जीएनएम होऊन कमावू लागेल आणि पुढे सोयीने दोन वर्षांत पदवी घेईल. यात पगार आधी सुरू होतो. ज्या घरात धाकटी भावंडं शिकायची आहेत, तिथं हा फरक लहान नाही.

'एक वर्षात नर्स' या पाटीपासून सावध

घाईत असलेल्या घरालाच ही पाटी आधी दिसते. सहा महिने, एक वर्ष, पदवीधरांना खास सवलत, नोकरीची हमी. अशा बहुतेक कोर्समध्ये रुग्ण-सहायकाचं शिक्षण असतं. ते काम हलकं नाही आणि कुणाला तेच करायचं असेल तर जरूर करावं. पण त्याने महाराष्ट्र परिचर्या परिषदेत नर्स म्हणून नोंदणी होत नाही. नोंदणी नाही, तर सरकारी अधिपरिचारिकेच्या जागेला अर्ज करता येत नाही, परदेशाचं तर दूरच.

म्हणून पैसे भरण्याआधी चार प्रश्न विचारा, आणि उत्तर कागदावर मागा:

- कॉलेजला या वर्षीची मान्यता आहे का? भारतीय परिचर्या परिषदेची आणि महाराष्ट्र परिचर्या परिषदेची यादी स्वतः बघा.
- परीक्षा कोण घेतं? बीएस्सीसाठी आरोग्य विद्यापीठ, जीएनएमसाठी महाराष्ट्र राज्य शुश्रूषा व परावैद्यक शिक्षण मंडळ.
- मुली प्रॅक्टिकलला कोणत्या हॉस्पिटलात जातात, आणि तिथं किती खाटा आहेत?
- चार वर्षांची मिळून फी, हॉस्टेल, युनिफॉर्म, परीक्षा शुल्क, सगळं किती?

जिल्ह्यातच काय आहे

वर्धा जिल्हा या बाबतीत नशीबवान आहे. सेवाग्रामला १९६९ पासून महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था आहे, तिथं कस्तुरबा हॉस्पिटल आणि नर्सिंगचं शिक्षण आहे. सावंगी मेघे इथंही मोठं हॉस्पिटल आणि नर्सिंग कॉलेज आहे. नागपुरात शासकीय परिचर्या महाविद्यालय आहे. सावंगीचं विद्यापीठ अभिमत असल्याने तिथली प्रवेशाची पद्धत आणि फी वेगळी, ती स्वतंत्र विचारा. आर्वीहून रोज ये-जा करून नर्सिंग निभत नाही. सकाळची, दुपारची आणि पुढे रात्रीची ड्युटी असते. म्हणून हॉस्टेलचा निर्णय प्रवेशाबरोबरच घ्या.

पैसे आणि कागद

८ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या घरातल्या ओबीसी, ईडब्ल्यूएस आणि एसईबीसी मुलींना २०२४ पासून राज्य सरकारने व्यावसायिक पदवी अभ्यासक्रमांची फी माफ केली आहे. अट अशी की प्रवेश केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून हवा. मॅनेजमेंट कोट्यातली जागा आणि खासगी अभिमत विद्यापीठं यात येत नाहीत. मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळाचं शैक्षणिक कर्जही आहे.

आपल्या घरांत पैशाइतकाच अडतो तो कागद. मोमीन, कुरेशी, मन्सुरी-पिंजारी, बागवान अशा अनेक बिरादऱ्या ओबीसीत आहेत, पण दादांच्या शाळेच्या दाखल्यावर नुसतं 'मुसलमान' लिहिलेलं असतं. जात पडताळणीला १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा मागतात, आणि त्याला महिने लागतात. दहावीच्या सर्टिफिकेटवर 'शेख', आधारवर 'शेक', असंही होतं. निकालाची वाट बघू नका, हे काम आजच काढा. पदवी आणि नर्सिंगच्या मध्ये वर्षं गेली असतील तर गॅपचं प्रतिज्ञापत्र आणि मायग्रेशन सर्टिफिकेटही लागेल.

घरात बसून बोलायची गोष्ट

रात्रीची ड्युटी, पुरुष रुग्ण, हिजाब, लग्न. हे प्रश्न घराघरात आहेत, ते टाळून चालत नाही. युनिफॉर्मसोबत स्कार्फ चालतो का, हे कॉलेजला प्रवेशाआधीच विचारा. सासरच्यांशी बोलणी चालू असतील तर ड्युटीचं तिथंच स्पष्ट करा. मदीनेत हजरत रुफैदा (रजि.) जखमींची सेवा करत. खंदकच्या लढाईत जखमी झालेल्या हजरत सअद (रजि.) यांना त्यांच्याच तंबूत ठेवलं होतं. ही सेवा आपल्या घरांना परकी नाही.

आणि मुलीलाही विचारा. 'काम लगेच मिळतं' एवढ्यावर चार वर्षं निघत नाहीत. रक्त, उलटी, मरण, नातेवाइकांचा राग, हे सगळं तिला बघायचं आहे. प्रवेशाआधी एक दिवस तिला आर्वीच्या उपजिल्हा रुग्णालयात घेऊन जा, तिथल्या सिस्टरशी दहा मिनिटं बोलू द्या. ती परत येताना काय म्हणते, ते ऐका. पदवी वाया गेली का, या चिंतेपेक्षा त्या उत्तरावर निर्णय घेतलेला बरा.