बांधकामावर यंत्राची नजर

घर पाहावें बांधून, असें वडील मंडळी म्हणत. तेव्हां मालक स्वतः उभा राहून गवंड्याचें काम पाही. आतां घर बांधतो विकासक. आपण भरतों हप्ते. कांहीं वर्षांपूर्वीं ‘तिसरा स्लॅब पूर्ण झाला, हप्ता पाठवावा’ असें पत्र आमच्या घरीं आलें. रक्कम भरून आम्ही जागेवर गेलों, तों तेथें नुसते खांब उभे! काम किती झालें हें निःपक्षपातानें सांगणार कोण, हा प्रश्न तेव्हांपासून मनांत घोळत राहिला.

यंत्रविद्येनें त्याचें एक उत्तर दिलें आहे. ड्रोन हें छोटें चालकरहित विमान बांधकामावरून फिरून शेंकडों छायाचित्रें घेतें व संगणक तीं जुळवून वास्तूची त्रिमिति प्रतिकृति तयार करतो. लेसर यंत्रांतून सुटलेला प्रकाश भिंतीवरून परतण्यास लागलेल्या वेळावरून अंतर निघतें आणि लक्षावधि बिंदूंनीं इमारतीची आकृति उमटते. ती आराखड्याशीं व वेळापत्रकाशीं ताडली कीं काय झालें, काय मागें पडलें, तें कळतें. राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणानें २०२१ सालीं आपल्या कामांचें दरमहा ड्रोनचित्रण सक्तीचें केलें, तें याच हेतूनें.

तथापि न्यायशास्त्राच्या भाषेंत बोलावयाचें तर, यंत्र देतें तें पृष्ठभागाचें प्रत्यक्ष. स्लॅब ओतल्यावर आंतील सळया किती व कशा बांधल्या, हें या नजरेस दिसत नाहीं. म्हणून ओतण्यापूर्वींचें छायाचित्र महत्त्वाचें. आणि तें तपासणारा अभियंता आप्त पाहिजे, म्हणजे खरें जाणणारा व खरेंच सांगणारा.

२०१६ च्या स्थावर संपदा कायद्यानें ग्राहकांच्या पैशांपैकीं ७० टक्के रक्कम स्वतंत्र खात्यांत ठेवावी लागते. ती कामाच्या प्रमाणांतच काढतां येते व त्यासाठीं अभियंता, वास्तुविशारद आणि सनदी लेखापाल यांचे दाखले लागतात. दर तीन महिन्यांनीं प्रगतीची माहिती प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर द्यावी लागते. परंतु दाखल्यावर सही करतो तो माणूसच.

तेव्हां हप्त्याचें पत्र येतांच घरांतील तरुण मंडळींकडून ती नोंद काढवून घ्यावी, त्या टप्प्याचें तारखेसह छायाचित्र मागावें, आणि वडील माणसानें एकदां जागेवर जाऊन यावें. पैसे त्यानंतर भरावे. आम्ही हा क्रम उलटा केला होता. वाचकांनीं तो करूं नये.