सदुसष्टातला एक!

१० एप्रिल १९८१. अमेरिकेतील फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर ‘कोलंबिया’ हे अवकाशयान पहिल्या उड्डाणासाठी सज्ज उभे होते. जॉन यंग आणि रॉबर्ट क्रिपन हे अंतराळवीर आत पाठीवर पडून वाट पाहत होते. उलटी मोजणी वीस मिनिटांवर आली आणि घोटाळा झाला. इंधन गळत नव्हते की काही तुटले नव्हते. यानातल्या पाच संगणकांपैकी एकाने उरलेल्या चौघांचे ऐकायला नकार दिला होता! बरीच खटपट करूनही उपयोग होईना, तेव्हा त्या दिवशीचे उड्डाण रद्द झाले.

पाच संगणक कशाला, असे तुम्ही विचाराल. या यानाचे उड्डाण पूर्णपणे संगणकांच्या हाती होते. म्हणून चार संगणक एकच आज्ञावली चालवीत आणि सेकंदात शेकडो वेळा एकमेकांशी ताळमेळ जुळवून घेत. एखादा बिघडला, तर बाकीच्यांहून त्याचे उत्तर वेगळे पडे आणि तो उघडा पडे. पण आज्ञावलीतच चूक असली तर? मग चौघेही एकमुखाने तीच चूक करणार! यावर तोड म्हणून पाचव्या संगणकासाठी दुसऱ्या कंपनीकडून निराळी आज्ञावली लिहून घेतली होती. तो चौघांचे बोलणे ऐकत राही आणि प्रसंग पडलाच तर कारभार हाती घेण्यास तयार असे.

साहजिकच संशय त्या पाचव्यावर गेला. तो बिचारा निर्दोष होता. चौघांकडून येणारी काही माहिती ठरल्या क्षणाच्या आधी येत होती, आणि अवेळी आलेली माहिती म्हणजे निव्वळ गोंगाट समजून तो ती सोडून देत होता. त्याला शिकवलेच तसे होते.

तंत्रज्ञांनी संगणकांच्या स्मृतीत त्या वेळी जे जे होते त्याची नक्कल काढून घेतली. हे फार शहाणपणाचे झाले. संगणक बंद करून पुन्हा सुरू केला की स्मृतीतल्या खुणा पुसल्या जातात. चोर सापडण्याआधीच पावलांचे ठसे झाडून टाकावेत तसे ते होते. या नकलेवरून माग काढीत ते जिथे पोहोचले, ती जागा उड्डाणाच्या क्षणाजवळ नव्हतीच. ती होती सुमारे तीस तास मागे, पहिला संगणक सुरू केला त्या क्षणी!

शाळेत सर्वांत आधी येणारा शिपाई भिंतीवरचे घड्याळ रेडिओवरून लावतो आणि मागून येणारे सगळे त्या घड्याळावर आपापली घड्याळे लावतात, अशी कल्पना करा. शिपायाचे चुकले तर सगळ्यांचेच चुकेल, आणि गंमत म्हणजे कोणाला पत्ताही लागणार नाही. इथे असेच झाले. पुढे करायच्या कामांच्या वेळा संगणक एका रांगेत लिहून ठेवतो. पहिला संगणक जागा झाला की या रांगेच्या तोंडाशी असलेली वेळ हीच ‘आत्ताची वेळ’ असे धरून चाले. नुकत्याच जागा झालेल्याच्या रांगेत दुसरे काम कुठून असणार? पण सुमारे दोन वर्षांपूर्वी सुरुवातीच्या आज्ञांमध्ये एक छोटासा थांबा घातला गेला होता. तो कधी संपायचा, ती वेळ रांगेत येऊन बसली. म्हणजे संगणकाने ‘आत्ता’ म्हणून वाचली ती किंचित पुढची वेळ! पुढे तो थांबा थोडा बदलण्यात आला आणि काही कामे एक फेरी आधी सुरू होण्याची शक्यता निर्माण झाली. दरवेळी नव्हे हो. संगणक नेमका कोणत्या क्षणी सुरू केला यावर ते अवलंबून होते, आणि ही शक्यता होती सदुसष्टात एक.

मग चाचण्यांत हे कसे सापडले नाही? गणित करून पाहा. एका वेळी दोष न दिसण्याची शक्यता ६६/६७. या अपूर्णांकाला त्यानेच गुणत जा. सेहेचाळीस वेळा संगणक सुरू केला, तरी एकदाही दोष न दिसण्याची शक्यता जवळजवळ निम्मी उरते! शिवाय चाचणी घेताना दरवेळी संगणक मुळापासून सुरू करीत नसत. आधी जपून ठेवलेल्या स्थितीपासून पुढे जात. वेळ वाचे, पण जिथे चूक दडली होती तोच भाग वगळला जाई.

आज तुमच्या शाळेतल्या संगणकाच्या एका चकतीवरही अनेक प्रक्रियक असतात. त्यांतला एक आधी जागा होतो आणि इतरांना उठवतो. असा संगणक सुरू होतानाच अडखळू लागला, तर जाणकार मंडळी कधी कधी त्याला एकाच प्रक्रियकावर सुरू व्हायला सांगतात. तसा तो सुरळीत चालू झाला, तर या मंडळींच्या आपसातल्या ताळमेळाकडे संशयाची सुई वळते. एकट्याशी भांडायला कोणी नसते ना!

‘कोलंबिया’चे पुढे काय झाले? ऐन वेळी आज्ञावलीला हात लावणे धोक्याचे होते. म्हणून संगणक बंद करून नव्याने सुरू केले आणि या खेपेस वेळ बरोबर जुळली आहे याची खात्री करून घेतली. १२ एप्रिल १९८१ रोजी, आपल्याकडे संध्याकाळचे साडेपाच वाजले असताना, यानाने उड्डाण केले. पाचवा संगणक चौघांचे मुकाट्याने ऐकत होता.