फळीवरची माथेरान गाडी



आगगाडीची लहान प्रतिकृती म्हटली की चावी दिलेले खेळणे डोळ्यांपुढे येते. पण "ही गाडी कुठली? कोणत्या साली धावत होती?" असे दोन प्रश्न विचारा. लगेच त्या खेळण्यात गणित येते, भूगोल येतो, इतिहास येतो. हा अभ्यास शाळेत कसा करावा, ते आज आपल्याच मुलखातल्या एका गाडीवरून पाहू.

ही गाडी नेरळ-माथेरानची. अब्दुल हुसेन आदमजी पीरभॉय यांनी हा मार्ग बांधून काढला आणि १९०७ साली तो सुरू झाला. डोंगर चढायचा सुमारे साडेसातशे मीटर. गाडीला काही तो सरळ चढता येत नाही. म्हणून रूळ वळणे घेत घेत सुमारे वीस किलोमीटर लांब गेले. दोन रुळांतले अंतर अवघे दोन फूट, म्हणजे ६१० मिलिमीटर.

पहिले काम प्रमाण ठरवण्याचे. हौशी लोकांच्या लहान रुळांत १६.५ मिलिमीटर अंतर सर्रास असते. ६१० ला १६.५ ने भागा, ३७ येतात. मग फळीवरची प्रत्येक वस्तू खऱ्याच्या सदतिसाव्या भागाएवढी करायची. साडेपाच फुटी माणूस होईल साडेचार सेंटिमीटरचा. दहा मीटर उंच जांभूळ होईल सत्तावीस सेंटिमीटरचे. हे हिशेब मुलांकडूनच करून घ्यावेत. वीस किलोमीटरचे मात्र पाचशे चाळीस मीटर होतात. ते कुठल्या वर्गात मावणार? तेव्हा सगळा मार्ग करण्याचा मोह सोडावा. एक वळण आणि एक लहानसे स्थानक पुरे. वॉटर पाइप नावाचे स्थानक त्याला चांगले. वाफेचे इंजिन पाणी पिणारे. ते पाणी कुठे घेत असे, हे त्या नावातच आले.

या मार्गावरच्या अगदी तीव्र वळणाची त्रिज्या सुमारे साठ फूट. सदतिसाने भागल्यावर अर्धा मीटर उरतो. म्हणजे खरे वळण, काहीही न चोरता, सव्वा मीटर रुंद फळीवर बसते! चढ मात्र भागायचा नाही. वीस फुटांत एक फूट हा खरा चढ फळीवरही विसात एकच राहतो. दोन मीटर लांबीत दहा सेंटिमीटर. इथे मुले हमखास चुकतात, आणि गुणोत्तर म्हणजे काय ते इथेच त्यांना उमगते.

एवढ्या वळणावर इंजिन रुळावरून उतरत कसे नव्हते? या मार्गाची पहिली इंजिने जर्मनीतल्या ओरेनस्टाइन आणि कोपेल कारखान्यातली. त्यांना चाकांच्या तीन जोड्या होत्या, आणि पुढच्या-मागच्या जोड्यांना वळणाबरोबर थोडे वळता येत असे. लाकडी ठोकळ्याला तीन जोड्या घट्ट ठोकून पाहा. वळणावर चाके अडतील. कडेच्या जोड्या थोड्या सैल ठेवा, गाडी वळेल. दहा पाठांनी समजणार नाही ते मुलाला एका ढकलण्याने समजेल.

आता साल ठरवा. समजा, १९१०. डिझेल इंजिने या मार्गावर १९५५ च्या सुमारास आली. म्हणून ती इथे नकोत. प्लॅस्टिकची बादली नको. उतारू कोणत्या वेशात असतील? हमालाच्या डोक्यावर काय असेल? प्रत्येक वस्तू ठेवण्यापूर्वी "ही त्या साली होती का?" असे विचारायचे, एवढा एकच नियम.

सामान घरचेच. सायकलच्या जुन्या तारांचे रूळ, बांबूच्या कामट्यांचे चार-चार सेंटिमीटरचे आडवे ओंडके, जाळीवर खळीने चिकटवलेल्या वर्तमानपत्रांचा डोंगर. माथेरानच्या तांबड्या मातीसाठी विटांचा चुरा. रुळांतले अंतर मोजायला पत्र्याचे एक माप कापून घ्या आणि ते दर बोटभर अंतरावर लावून पाहा. अंतर कमी-जास्त झाले की गाडी घसरलीच म्हणून समजा. वीज नसली तरी अडत नाही. गाडी हाताने ढकलावी.

माथेरान दूर असेल तर आपल्या भागातली गाडी घ्यावी. बार्शी लाइट रेल्वे १८९७ साली सुरू झाली. तिच्या रुळांतले अंतर अडीच फूट होते. आता तिथे रुंद रूळ आले आहेत. ती लहान गाडी राहिलेली नाही. पण तिच्यातून बाजाराला गेलेली, लग्नाला गेलेली माणसे अजून गावोगाव आहेत. डबा आतून कसा होता, गाडी कुठे थांबे, चढावर उतारू खाली उतरत का, हे त्यांना ठाऊक. मुलांना वही देऊन त्यांच्याकडे पाठवा, आणि लवकर पाठवा. रूळ गेले, आणि ही माणसेही कायमची राहणार नाहीत. त्यांनी सांगितलेले फळीवर उतरले, तर पुढच्या पिढीला बोट दाखवायला काहीतरी राहील.