चढतो झकास, उतरतो कसा?

“आमचा टायगर टुणकन सोफ्यावर चढतो, त्याला रॅम्प कशाला?” बोईसरमधल्या कुठल्याही सोसायटीत कुत्रा पाळणाऱ्याला विचारा, हेच उत्तर मिळेल. चढण्यापुरतं ते खरंही आहे. पण त्रास होतो तो उतरताना. नुसतं उभं असतानाही कुत्र्याचं साधारण 60 टक्के वजन पुढच्या पायांवर असतं. खाली उडी मारली की जवळजवळ सगळा दणका त्याच दोन पायांच्या खांद्या-कोपरांवर येतो. त्यात आपल्या फ्लॅटमधल्या गुळगुळीत व्हिट्रिफाइड टाइल्स. पावसाळ्यात त्या दमट झाल्या की पंजा टेकताक्षणी सटकतो.

रॅम्प म्हाताऱ्या कुत्र्यांसाठीच असतो, हा समजही पक्का आहे. पण पॉमेरेनियनसारख्या लहानखुऱ्या जातीच्या पिल्लांचे पुढचे पाय पेन्सिलीएवढे बारीक असतात आणि हाडांची वाढ व्हायची असते. सोफ्यावरून किंवा हातातून पडून त्यांचे पाय मोडणं ही पशुवैद्यांच्या रोजच्या पाहण्यातली गोष्ट आहे.

“डॅशहुंडची पाठ उड्यांमुळे जाते, रॅम्प लावला की काळजी मिटली.” हे मात्र अर्धसत्य. डॅशहुंडसारख्या आखूड पाय आणि लांब पाठीच्या जातींत मणक्यांमधल्या चकत्या वयाच्या पहिल्या वर्षापासूनच कडक होऊ लागतात. त्यामागचा जनुकीय बदल अमेरिकेतल्या डेव्हिस इथल्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या संशोधकांनी 2017 मध्ये दाखवून दिला. आजाराचं मूळ जन्मजात असतं, रॅम्प लावून ते जात नाही. पाठीला बसणारे हिसके तेवढे कमी होतात. वजन आटोक्यात ठेवणं रॅम्पहून महत्त्वाचं, पण बिस्किटं बंद करण्यापेक्षा रॅम्प विकत घेणं आपल्याला सोपं वाटतं. कुत्रा अचानक मागचे पाय ओढत चालू लागला, तर ‘वय झालं’ म्हणून थांबू नका. त्याच दिवशी पशुवैद्याकडे न्या. आणि आपल्या घरातली आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅकची गोळी त्याला चुकूनही देऊ नका, कुत्र्यांना ती विषारी ठरते.

आता रॅम्पबद्दल. कसलीही फळी टेकवली की रॅम्प झाला असं होत नाही. लांबी उंचीच्या निदान तिप्पट हवी, तेव्हा चढ साधारण 20 अंशांवर येतो. 45 सेंटीमीटर उंच सोफ्याला 135 सेंटीमीटरची फळी लागते, 60 सेंटीमीटरच्या पलंगाला 180. जागा नसेल तर गादी जमिनीवर घाला, पण उभाच्या उभा रॅम्प नको. तो घसरगुंडीच वाटून कुत्रा बाजूने उडी मारतो. वर काथ्या किंवा रबराची चटई पक्की बसवा, दोन्ही कडांना पट्टी ठोका आणि खालचं टोक टाइल्सवर सरकणार नाही असं बघा. समुद्राजवळच्या हवेत साधं प्लाय फुगतं. आयएस 710 शिक्क्याचं मरीन प्लाय थोडं महाग पडतं, पण टिकतं.

तारापूर एमआयडीसीच्या भंगारातून पॅलेटच्या फळ्या स्वस्तात मिळतात, त्यांचा रॅम्प करण्याचा मोह होणारच. पण तिथले बरेच कारखाने रसायनांचे आणि औषधांचे आहेत. त्या फळीवर कधी काय सांडलं होतं हे पॅलेटवरचा शिक्का सांगत नाही. ‘एचटी’ असं छापलेलं असलं, तरी त्याचा अर्थ लाकूड कीड मारण्यासाठी तापवलंय एवढाच. आणि कुत्रा जिथे बसतो ते चाटतोच.

रॅम्प आणला की कुत्रा आपोआप वापरेल, हीसुद्धा आशाच. आधी फळी जमिनीवर सपाट ठेवून खाऊच्या आमिषाने त्यावरून चालवा, मग हळूहळू टोक उचला. उतरायला जास्त दिवस शिकवावं लागतं, कारण उडी जवळची असते. निदान सुरुवातीला सोफ्याची मोकळी बाजू खुर्ची लावून बंद करा.

राहिला गावठी कुत्रा. लांब पाय, हलकं अंग, बेताची पाठ. तरुणपणी त्याला रॅम्पची गरज सहसा पडत नाही. तुम्ही हौसेने केलात, तर तो त्याच्या सावलीत झोपेल.