मूल उचलून नेतील का?

चौथीतल्या मुलाच्या पाठीवर पट्ट्याचे वळ दिसतात. बाई त्याला जवळ घेऊन विचारतात, तो म्हणतो, ‘जिन्यावरून पडलो.’ पंधरा दिवसांनी तो पुन्हा तसाच ‘पडतो’. बाईंना सगळं कळतं, तरी त्या गप्प बसतात. कळवलं तर पोलीस येतील, मूल घरातून उचलून नेतील, बाप आत जाईल, आई उघड्यावर पडेल, अशी भीती त्यांच्या मनात असते. अंगणवाडी सेविका, वाडीतले शेजारी, बालरोगतज्ज्ञ या साऱ्यांचा हात फोनजवळ जाऊन मागे येतो, तो याच भीतीने.

मार तर आपल्याकडे इतका रुळलेला की तो दिसेनासाच होतो. केंद्र सरकारने २००७मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत महाराष्ट्र आणि गोव्यासह १३ राज्यांतल्या १२,४४७ मुलांना विचारण्यात आलं होतं. दर तीन मुलांतल्या दोघांनी मारहाण सोसल्याचं सांगितलं. म्हणून फोन केल्यानंतर नेमकं काय होतं, ते नीट समजून घेऊ.

नंबर १०९८. रस्त्यावरच्या, फलाटावरच्या मुलांसाठी ही सेवा १९९६ साली मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेच्या एका प्रकल्पातून सुरू झाली. मुलांच्या तोंडी तो ‘दस-नौ-आठ’ म्हणून बसला. २०२३पासून ही हेल्पलाइन सरकार थेट चालवतं आणि ती ११२शी जोडलेली आहे. फोन उचलणारी व्यक्ती साधे प्रश्न विचारते : मूल कुठे आहे, वय काय, तुम्ही काय पाहिलंत, आत्ता या क्षणी जिवाला धोका आहे का? धोका असेल तर पोलीस धावतात. नसेल तर जिल्हा बाल संरक्षण कक्षाचा कार्यकर्ता त्या घरी जाऊन पाहतो. फोन करणाऱ्याचं नाव गुप्त ठेवलं जातं.

पुढचा निर्णय बालकल्याण समितीचा. २०१५च्या बालन्याय कायद्यानुसार प्रत्येक जिल्ह्यात निदान एक समिती असते. एक अध्यक्ष, चार सदस्य, त्यांत किमान एक महिला. तिला प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्याचे अधिकार आहेत, पण तिचं काम कोर्टासारखं चालत नाही. बैठक बालगृहात किंवा त्याच्या जवळपास भरते, प्रकरणाशी संबंध नसलेल्या माणसाला आत थांबता येत नाही. काळजी आणि संरक्षणाची गरज असलेलं मूल पोलिसांना किंवा कार्यकर्त्याला सापडलं, तर प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांत ते समितीपुढे आणावं लागतं. बैठक नसेल तर एखाद्या सदस्यापुढे आणलं तरी चालतं. मुलाला पोलीस ठाण्यात ठेवता येत नाही.

यानंतरचा टप्पा सगळ्यात मोलाचा, आणि त्याबद्दलच सर्वांत कमी बोललं जातं. समिती गृहचौकशीचा आदेश देते. कार्यकर्ती घरी जाते, शेजाऱ्यांशी, शाळेशी बोलते. १५ दिवसांत अहवाल द्यायचा असतो. त्यात वळ किती होते, एवढंच लिहून भागत नाही. घरात कमावतं कोण, व्यसन कुणाला, आईला स्वतःला मार बसतो का, मूल शाळेत का येत नाही, मावशी किंवा आजी सांभाळायला तयार आहे का, आणि स्वतः मुलाला काय हवं आहे, हे सगळं त्यात यावं लागतं. हा अहवाल मन लावून लिहिला गेला तर मुलाचं आयुष्य मार्गाला लागतं. छापील रकाने घाईघाईने भरले गेले तर समितीतले पाच जण शहाणे असूनही आंधळे ठरतात.

घरची परिस्थिती समजून घेणं का गरजेचं, ते ऊसतोडीच्या भागात दिसतं. बीड जिल्ह्यातल्या धारूर, पाटोदा, शिरूर कासार या भागांतून दिवाळीच्या सुमारास आईबाप ऊसतोडीला निघतात. काही मुलं कोयत्याबरोबर जातात, काही गावात आजीजवळ राहतात. आजीला धड दिसत नाही, मूल पोट भरण्यापुरतं शिजवून खातं, शाळा सुटते. कागदावर याला ‘दुर्लक्ष’ म्हणता येईल. पण त्या आईबापांनी पोराकडे पाठ फिरवलेली नाही, त्यांच्यापुढे दुसरी वाटच नाही. इथे मुलाला बालगृहात टाकणं हा अन्यायच. गावातच हंगामी वसतिगृह किंवा नात्यातल्या कुणाकडे मूल ठेवून सरकारी मदत, हा खरा उपाय. राज्याच्या बालसंगोपन योजनेत महिन्याला २,२५० रुपये मिळतात, तेही याच विचारातून. गरिबीलाच गुन्हा समजणारा अधिकारी मुलाचं दुप्पट नुकसान करतो, असं माझं स्पष्ट मत आहे.

कायद्याचं म्हणणंही तेच आहे. मूल संस्थेत ठेवणं हा शेवटचा उपाय, आधी कुटुंब. म्हणून बरीच मुलं घरीच राहतात किंवा घरी परततात. पालकांचं समुपदेशन होतं आणि अधूनमधून कुणीतरी येऊन पाहील अशी व्यवस्था लावली जाते. मात्र ताब्यातल्या मुलाला जाणूनबुजून छळणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.

लैंगिक अत्याचाराची गोष्ट वेगळी. तिथे कळवायचं की नाही, हा प्रश्नच उरत नाही. २०१२च्या पोक्सो कायद्याने ज्याला कळलं त्याने पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, न कळवणं हा गुन्हा आहे. पोलिसांनी २४ तासांत समितीला आणि विशेष न्यायालयाला माहिती द्यायची, मुलाचा जबाब साध्या कपड्यांत, शक्यतो महिला अधिकाऱ्याने, मुलाच्या घरी किंवा त्याला सोयीच्या जागी घ्यायचा. अत्याचार करणारा घरातलाच असेल तर मूल त्या घरात ठेवायचं की नाही, हे समितीने तीन दिवसांत ठरवायचं. ऑगस्ट २०२४मध्ये बदलापूरच्या शाळेतल्या चिमुरड्यांवरील अत्याचाराच्या प्रकरणात त्यांच्या पालकांना पोलीस ठाण्यात तासन् तास ताटकळावं लागलं आणि शाळेने वेळेवर कळवलं नाही. मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेऊन त्याबद्दल खडसावलं.

ही यंत्रणा दुबळी कुठे पडते? माझ्या मते पाठपुराव्यात. समितीने महिन्यात किमान २० दिवस बसावं, असं कायदा सांगतो. पण घरी परतलेल्या मुलाकडे तिसऱ्या, सहाव्या महिन्यात जाणारं माणूस हवं, तेच कमी पडतं. धडगावच्या डोंगरातल्या पाड्यावरून नंदुरबारला यायला अख्खा दिवस जातो. अशा ठिकाणी गावची बाल संरक्षण समिती, सरपंच आणि अंगणवाडी सेविका यांनीच डोळे उघडे ठेवायला हवेत. गावची ही समिती नुसती फलकावर लिहिण्यासाठी नाही.

आणि बाई, जिन्यावरून पडण्याची ती गोष्ट खरी की खोटी, हे सिद्ध करणं तुमचं काम नाही. ते कार्यकर्ती आणि समिती पाहतील. तुम्ही काय पाहिलंत, कोणत्या तारखेला, मूल काय म्हणालं, एवढं वहीत टिपून ठेवा आणि १०९८ला फोन करा. तो मोफत आहे, रात्रीही उचलला जातो.