शेवाळ, साखर आणि विषाणू

इंदूरचा सिरपूर तलाव आणि गंभीर नदीवरचा यशवंत सागर, दोन्ही होळकरांच्या राजवटीतले. 2022 मध्ये दोन्ही रामसर यादीत गेले आणि जानेवारी 2025 मध्ये उदयपूरबरोबर इंदूरलाही पाणथळ शहराचा मान मिळाला. हिवाळ्यात लोक दुर्बिणी घेऊन इथे पक्षी पाहायला जातात. पाण्यातल्या शेवाळाकडे मात्र कुणी मुद्दाम बघत नाही. संसर्गजन्य रोगांवरच्या औषधांच्या शोधात गेल्या तीसेक वर्षांत जे घडले आहे, ते पाहता बघायला हवे.

मायक्रोसिस्टिस ही नीलहरित जात घ्या. शास्त्रीय वर्गीकरणात ती जीवाणूंत मोडते, पण सगळे तिला शेवाळच म्हणतात. सांडपाणी मिसळलेल्या, साचून तापलेल्या पाण्यात ती माजते. तिचे मायक्रोसिस्टिन हे विष यकृतावर घाला घालते. असे पाणी पिऊन गुरे दगावतात. याच जातीतून मायक्रोविरिन नावाचे प्रथिन मिळाले आणि 2010 मध्ये ते एचआयव्हीला पेशीत शिरण्यापासून रोखते असे प्रयोगशाळेत दिसले. विष आणि विषाणूरोधक, दोन्ही एकाच जिवात!

हे प्रथिन विषाणूला अडवते ते साखरेला धरून. एचआयव्हीच्या पृष्ठभागावर जीपी120 नावाचे प्रथिन असते आणि त्याचे जवळजवळ निम्मे वजन साखरेच्या साखळ्यांचे असते. या साखळ्या आपल्याच पेशीतल्या यंत्रणेने चढवलेल्या असतात, त्यामुळे आपली रोगप्रतिकारशक्ती त्यांना परके मानत नाही. विषाणू आपलेच पांघरूण घेऊन आपल्यात वावरतो. पण त्यात एक खोट राहते. मॅनोज या साखरेचे इतके दाट झुपके निरोगी पेशींवर सहसा सापडत नाहीत. शेवाळातली लेक्टिन जातीची प्रथिने नेमके हे झुपके पकडतात, आणि मग विषाणूला पेशीशी जोडून घेता येत नाही.

या घराण्यातले पहिले गाजलेले नाव सायनोव्हिरिन. नॉस्टॉक या नीलहरित शेवाळातले हे 101 अमिनो आम्लांचे प्रथिन अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेतल्या संशोधकांनी 1997 मध्ये जगापुढे आणले. ताकद उत्तम, पण ते मानवी पांढऱ्या पेशींना नको तितके चेतवते असे दिसले आणि उत्साह ओसरला. त्याच संस्थेने 2005 मध्ये न्यूझीलंडच्या समुद्रातल्या ग्रिफिथ्सिया या लाल शेवाळातून ग्रिफिथ्सिन वेगळे केले. हे 121 अमिनो आम्लांचे. त्याचे दोन रेणू एकमेकांत गुंतून जोडी होते आणि त्या जोडीला साखर पकडणाऱ्या सहा जागा असतात. एक जागा निसटली तरी बाकीच्या धरून ठेवतात, म्हणून अत्यल्प मात्राही पुरते. शिवाय पेशींना त्रास फारच कमी.

एचआयव्हीपुरतेच हे मर्यादित राहिले नाही. सार्सच्या विषाणूपासून ग्रिफिथ्सिनने उंदरांना वाचवले. 2020 मध्ये त्याने निपाहच्या विषाणूपासून काही हॅमस्टरांनाही वाचवल्याचे प्रसिद्ध झाले. 2018 मध्ये कोझिकोडच्या निपाहचे निदान पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने पक्के केले होते. त्या रोगावर आजही खात्रीचे औषध नाही, हे लक्षात घेतले की हॅमस्टरांवरचा हा प्रयोग आपल्यापासून फार लांबचा वाटत नाही.

समुद्रातून शेवाळ खरवडून औषधाइतके प्रथिन मिळणे शक्य नव्हते. म्हणून त्याचे जनुक तंबाखूवरच्या एका विषाणूत बसवले आणि तो तंबाखूच्या ऑस्ट्रेलियन भाऊबंदाच्या पानांत सोडला. निपाणीकडच्या ज्या पानाने पिढ्यान्‌पिढ्या विडीचा धूर दिला, त्याच्याच गोतातले हे झाड. केंटकीतल्या 5,000 चौरस फुटांच्या हरितगृहातून 60 ग्रॅमहून अधिक शुद्ध ग्रिफिथ्सिन निघाल्याचे 2009 मध्ये जाहीर झाले. मात्रा अत्यल्प लागते हे ध्यानात घेता 60 ग्रॅम म्हणजे पुष्कळ झाले. पुढे स्त्रियांसाठी त्याचे जेल तयार झाले आणि पहिल्या टप्प्याच्या मानवी चाचण्या झाल्या. औषधाच्या दुकानापर्यंत ते अजून पोहोचलेले नाही.

म्हणूनच स्पिरुलिना या नीलहरित शेवाळाच्या गोळ्या विकताना विषाणूंशी लढण्याची भाषा कुणी करत असेल, तर त्यावर विश्वास ठेवू नये. गिळलेले प्रथिन बहुतांशी जठरात आणि आतड्यात पचून जाते. पोषण वेगळे आणि औषध वेगळे.

शेवाळाचा दुसरा उपयोग कारखान्यासारखा आहे, आणि मला तो जास्त आशेचा वाटतो. मलेरियाच्या परजीवीवरचे पीएफएस25 हे प्रथिन लसीसाठी हवे असते, पण त्याची घडी फार किचकट आणि त्यावर साखर चढून चालत नाही. क्लॅमिडोमोनास या एकपेशीय शेवाळाच्या हरितलवकात साखर चढवण्याची सोयच नसते. कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी 2012 मध्ये तिथे हे प्रथिन नीट घडवले. ते टोचलेल्या उंदरांत तयार झालेल्या प्रतिपिंडांनी परजीवीची डासातली वाढ रोखली.

इंदूरला टाकाऊतून विद्या काढण्याची परंपरा आहे. इथल्याच वनस्पती उद्योग संस्थेत अल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड यांनी काडीकचरा आणि शेणापासून खत करण्याची इंदूर पद्धत बसवली आणि 1931 मध्ये ग्रंथरूपाने मांडली. आज सिमरोलला आयआयटीच्या जैवविज्ञान विभागात प्रा. किरण बाला यांचा गट शेवाळांवरच काम करतो. पुण्याला विषाणू संस्था आणि एड्स संशोधन संस्था, दोन्ही आहेत. इंदूरहून रात्रीची बस धरली की सकाळी पुणे. सिरपूर आणि यशवंत सागरातले नमुने ऋतूनुसार गोळा करावेत, त्यांतली एकेक जात वेगळी वाढवावी, विषारी वाण बाजूला काढावेत आणि उरलेल्यांचे अर्क पुण्यात विषाणूंवर तपासावेत. शंभरातले नव्वद अर्क निकामी निघाले तरी चालेल. ग्रिफिथ्सिनही असल्याच चाळणीतून निघाले.